मुक्तहस्त घोडा

चित्रताईला लोक झेरॉक्सबाई म्हणायला लागले ते तिच्या स्वतःच्या सरांमुळे. ही गोष्ट तिने दोन वर्षं पोटात ठेवली. ती निवली नाही, मुरत गेली.

चित्रताई हेही तिचं खरं नाव नव्हे, तिच्या चित्रकलेच्या क्लासमधल्या मुलांनी पाडलेलं. वय बेचाळीस. नवरा बोटीवर इंजिनात कामाला, वर्षातून दोनदा घरी. एरवी घरात ती आणि सासूबाई. दुपारी क्लास आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरच्या भिंती रंगवणं, हे तिचं काम. कुणाच्या मुलीच्या खोलीत जंगल, कुणाच्या जिन्यात ढग, केस कापायच्या दुकानात छतापर्यंत गेलेली जिराफाची मान.

काम करायची तिची एक पद्धत होती. आधी वहीत चित्र काढायचं. चार-चार दिवस, खोडून, पुन्हा काढून. मनासारखं झालं की त्याचा फोटो घ्यायचा, खोलीचे पडदे ओढायचे, प्रोजेक्टर स्टुलावर ठेवायचा आणि भिंतीवर पडलेल्या उजेडातल्या रेघा पेन्सिलीने गिरवायच्या. वहीतला वीतभर वाघ अर्ध्या तासात भिंतीवर आठ फुटांचा व्हायचा. मग पडदे उघडून रंगकाम. हे तिने कधी कुणापासून लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या मनातही आलं नव्हतं. स्वयंपाकघरातला मिक्सर कुणी पाहुण्यांपासून लपवतं का?

दातांच्या दवाखान्यात ती मासे काढत होती तेव्हा सर आले. दाढ दाखवायला आले होते. पंचवीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे चित्रकला शिकली होती. सरांचे घोडे सगळ्या शहराला ठाऊक. शाळेच्या फाटकावर घोडे, बँकेच्या भिंतीवर घोडे, व्यायामशाळेत तर छतावरसुद्धा. आणि घोड्यांइतकाच त्यांचा एक शब्द प्रसिद्ध होता : मुक्तहस्त. "पट्टी नको, गिरवणं नको, हात सुटा सोडा. मुक्तहस्त!" असं म्हणत ते वर्गात फिरायचे, आणि कुणी पुस्तकातलं चित्र कागदाखाली ठेवून गिरवताना सापडला तर तो कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडायचे.

सरांना बघून चित्रताईला मनापासून आनंद झाला. तिने स्वतःचं स्टूल त्यांना बसायला दिलं, वही दाखवली, प्रोजेक्टर लावून दाखवला.

"बघा ना सर, वहीतला मासा कसा सरळ भिंतीवर पोहायला जातो!"

"वा, वा," सर म्हणाले, "छानच सोय झाली गं तुझी." आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "चालू ठेव जरा. व्हिडिओ घेतो. आठवण म्हणून."

ती फोनकडे बघून हसली आणि माशाचं शेपूट गिरवत राहिली.

तीन आठवड्यांनी तो व्हिडिओ वाचनालयाच्या समितीसमोर लागला. वाचनालयाच्या मोठ्या हॉलची भिंत रंगवायचं काम तिला मिळालं होतं. समितीने होकार कळवला होता, तिने दोन महिने खपून आराखडे केले होते, आणि बैठकीत फक्त कुठला आराखडा घ्यायचा ते ठरायचं होतं. सर समितीत नव्हते. ते तिथे का बसलेत, हे तिला व्हिडिओ सुरू होईपर्यंत कळलंच नाही.

पडद्यावर ती स्वतःच होती. हसत होती.

"मला बोलायला जड जातंय, माझीच विद्यार्थिनी आहे," सर म्हणाले. "पण शहराची भिंत आहे म्हणून बोलतो. हिला काढता येत नाही. मशीन काढतं, ही गिरवते. ही चित्रकार नाही हो, ही झेरॉक्स आहे."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. चित्रताई उठून म्हणाली, "अहो, पण ते चित्र माझंच होतं. वहीत आधी मीच काढलं होतं." पण लोक एकदा हसायला लागले की त्यांना असलं काही ऐकू येत नाही. समितीतली एकच बाई हसली नव्हती, ग्रंथपालबाई. पण ती बोललीही नव्हती.

भिंत सरांना मिळाली. त्यांनी तीन आठवडे हॉल आतून बंद करून घेतला, एकांत लागतो म्हणून, आणि नऊ घोडे काढले.

शब्द मात्र हॉलच्या बाहेर पडला. भाजी घेताना मागून हळूच 'झेरॉक्सबाई'. फाटकावर कुणीतरी खडूने 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' असं लिहून ठेवलं. क्लासची मुलं एकेक करून गळाली. एका आईने तर तोंडावर सांगितलं, "तसं काही नाही हो, पण मुलाचा पाया पक्का व्हायला हवा ना." भिंतींची कामंही आटली. दवाखान्यातल्या माशांवर कॅलेंडर लटकलं.

सासूबाई म्हणायच्या, "मी असते ना तिथे, तर रंगाचा डबा त्याच्या डोक्यात उपडा केला असता. आणि तोही तेलरंगाचा. निघायला नको."

"मग काय झालं असतं?"

"मला झोप लागली असती."

चित्रताईला झोप लागत नव्हती. तिने डूख धरला होता. सर रस्त्यात दिसले की ती पलीकडच्या बाजूला जायची, पण त्यांच्याकडे बघत राहायची. ते कसे चालतात, काय उचलतात, कुणाशी बोलतात. का बघते ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण नजर हटत नव्हती.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा प्रोजेक्टर बंद पडला. तो घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याचं दुकान म्हणजे वायरींचा गुंता आणि मधोमध बसलेला तो. काउंटरवर अगदी तिच्यासारखाच एक प्रोजेक्टर उघडून पडला होता.

"दिवा गेलाय तुमचा," तो म्हणाला. "जायचाच. हे दिवे किती टिकतात ते वापरावर असतं. पण तुम्ही तरी बऱ्या. हा बघा, ह्यांचा वर्षात तिसरा दिवा. इतका वापर सिनेमावाले करत नाहीत."

"कुणाचा आहे?"

"घोडेवाल्या सरांचा," तो दिवा फिरवत म्हणाला. "मोठा माणूस. घरी सिनेमे बघतात वाटतं." आणि भिंगावर बोट ठेवून पुढे म्हणाला, "पण सिनेमे बघणाऱ्याच्या भिंगावर रंगाचे शिंतोडे कसे उडतात, ते मला कळत नाही."

चित्रताईने वाकून पाहिलं. भिंगाच्या कडेला तपकिरी रंगाचे बारीक थेंब वाळले होते. घोड्यांचा तपकिरी. वाचनालयाच्या हॉलमधल्या नऊ घोड्यांचा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाबाहेर येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसताना दात एकमेकांवर इतके घट्ट दाबले गेले की कानशिलं दुखली.

घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा आत्ताच्या आत्ता. चौकात उभी राहा आणि ओरड."

"कोण ऐकेल माझं? म्हणतील, झेरॉक्सबाई सरांवर जळते."

"मग?"

"मी नाही ओरडणार. त्यांनाच ओरडावंसं वाटेल, आणि ओरडता येणार नाही, असं काहीतरी करायचंय."

सासूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात मला वाटलं होतं, सून फार गरीब मिळाली."

वाचनालयात मुलांची नवी खोली बांधून झाली होती आणि तिची मोठी भिंत कोरी होती. चित्रताई पुस्तक बदलायच्या निमित्ताने ग्रंथपालबाईंकडे गेली. बैठकीच्या त्या दिवसापासून ग्रंथपालबाई तिच्याशी बोलताना जरा ओशाळलेल्या असायच्या. ह्या भिंतीसाठी पुन्हा सरांनाच बोलावलंय, हेही त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

"फार छान," चित्रताई म्हणाली. "पण मुलांची खोली आहे, तर मुलांनाही बघू द्या की सरांचा हात. ते नेहमी बंद दाराआड काढतात. एकदा भर दिवसा, मुलांसमोर, तासाभरात एक घोडा. मुक्तहस्त. आम्ही शिकताना वर्गात बघायचो, डोळ्यांचं पारणं फिटायचं."

ग्रंथपालबाईंचा चेहरा उजळला. ही बाई इतक्या मोठ्या मनाची असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चित्रताईने त्यांना तसंच वाटू दिलं.

सरांना नाही म्हणता येईना. तीस वर्षं जो शब्द मिरवला तोच समोर आला होता. त्यांनी आधी कंबर दुखते म्हणून सांगितलं, मग एक लग्न आहे म्हणून. शेवटी फलक लागले, शाळांमध्ये पत्रकं वाटली गेली, आणि त्यांना होकार द्यावा लागला. पण एक अट घातली : आदल्या दिवशी दुपारी खोलीची किल्ली हवी, तीन तास, एकट्यालाच.

"भिंतीशी ओळख करून घ्यायचीय म्हणे," ग्रंथपालबाई कौतुकाने म्हणाल्या. "कलावंतांचं आपलं काहीतरी वेगळंच असतं!"

त्या दुपारी चित्रताई वाचनालयासमोरच्या चहाच्या दुकानात बसली. सर रिक्षातून उतरले. त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती आणि ते ती तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आत गेले. दोन मिनिटांनी खोलीच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. चित्रताईने दुसरा चहा मागवला. आता तिला सगळं दिसत होतं, भिंतीपलीकडचंसुद्धा. सर आत रेघा काढून ठेवत होते. अगदी फिक्या, हातभर अंतरावरूनच दिसतील अशा. उद्या त्यांच्यावरून नुसता ब्रश फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला झाडणाऱ्या मावशींनी वाचनालय उघडलं तेव्हा चित्रताई पायरीवर उभी होती, खांद्याला मोठी पिशवी. मावशींची नात पूर्वी तिच्या क्लासला यायची.

"मावशी, मुलांच्या खोलीत दीड-दोन तास काम आहे. कुणाला सांगायचं नाही."

मावशींनी पिशवीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मला आठ वाजेपर्यंत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनीच सांगितलंय." आणि झाडू घेऊन दुसऱ्या टोकाला गेल्या.

भिंतीवर सरांनी पांढरा कपडा चिमट्यांनी लावून ठेवला होता. चित्रताईने तो उतरवला. नाक टेकेल इतकं जवळ गेल्यावर रेघा दिसल्या. धावणारा घोडा आणि त्याच्या पाठीवर पुस्तक वाचत बसलेली मुलगी. चित्र सुरेख होतं. तेच तिला जास्त लागलं. हेच, असंच, ह्याच मार्गाने ती करत होती, आणि त्यासाठी ह्या माणसाने तिला भर बैठकीत नागवं केलं होतं.

येताना तिचा विचार रेघा पुसून टाकायचा होता, तरी असावं म्हणून कामाचं सगळं सामान पिशवीत भरलं होतं. आता तिला वाटलं, पुसल्या तर हे काहीतरी निमित्त काढतील. चक्कर आली म्हणतील, आणि लोक वारा घालतील. छे. रेघा असायला हव्यात. फक्त ह्या नकोत.

तिने भिंतीचा फोटो घेतला, फोनमध्ये रेघा गडद केल्या, आणि मग मऊ खोडरबराने भिंत स्वच्छ पुसली. मग पडदे ओढून आपला प्रोजेक्टर काढला. सरांनी त्यांचा मधोमध ठेवला असणार. तिने आपला डाव्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड उजवीकडे वळवलं. भिंतीवर सरांचा घोडा उमटला आणि ताणला गेला. डावीकडचं डोकं जवळ पडल्याने एवढंसं झालं, उजवीकडची मागची बाजू लांब पडल्याने फुगत गेली. मधली पाठ आणि मुलगी जवळपास होती तशीच राहिली. एक बाजू नीट दिसली की दुसरी धूसर व्हायची, म्हणून तिने अर्धं गिरवून भिंग फिरवलं आणि मग उरलेलं गिरवलं. सरांच्याच फिक्या हाताने, सरांच्याच जातीच्या पेन्सिलीने. हातभर अंतरावरून प्रत्येक रेघ चोख होती. दहा पावलं मागे जाऊन प्रोजेक्टरच्या उजेडात पाहिलं तर ते एक भयंकर जनावर होतं.

ती बघत राहिली. इतकं छान तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. मग कपडा पुन्हा लावला, चिमटे मोजून होते तिथेच, आणि घरी जाऊन अंघोळ केली.

दहा वाजता खोली भरली. सतरंजीवर साठ-सत्तर मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप, कडेला समितीची माणसं. चित्रताई शेवटच्या रांगेत, शेजारी सासूबाई. "मला पुढे बसायचं होतं," सासूबाई कुजबुजल्या. "नाही, मागूनच दिसतं," चित्रताई म्हणाली.

सरांनी नमस्कार केला, कपडा बाजूला केला आणि कोऱ्या दिसणाऱ्या भिंतीकडे हात केला. "मुलांनो, इथे काही आहे का?"

"नाही!"

"पट्टी आहे का? मशीन आहे का?" हे म्हणताना त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. काही लोक हसले. चित्रताईही हसली.

सर भिंतीला जवळजवळ चिकटून उभे राहिले आणि पाठीच्या रेघेपासून सुरुवात केली. काळा ब्रश सरसर फिरला. मुलगी झाली, पुस्तक झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सर उजवीकडे गेले. मागची मांडी येता येता येईना. ब्रश चालतोय, चालतोय, सर एक पाऊल सरकले, अजून एक सरकले. त्यांनी मध्ये एकदा थबकून मान कलती केली. चित्रताईने श्वास धरला. आता ह्यांनी दहा पावलं मागे यावं, भिंत नजरेत घ्यावी, की झालं, खेळ संपला. पूर्वीचे सर आले असते. वर्गात तेच सांगायचे, दर पाच मिनिटांनी लांब जाऊन बघा. पण समोर सत्तर मुलं होती आणि रेघ डोळ्यांपुढे स्पष्ट होती. त्यांनी रेघेवर विश्वास ठेवला आणि पुढे गेले.

शेवटी डावीकडे डोकं आलं. ते तळहाताएवढं होतं. सरांचा ब्रश हवेतच थांबला, पण तोवर बाकीचा घोडा काळ्याभोर रंगात भिंतीवर उभा होता. त्यांनी डोकंही काढलं. दुसरं काय करणार?

खोलीत कुजबुज सुरू झाली होती. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, "सर, ह्या घोड्याने उशी गिळलीय का?"

मुलं खो खो हसत सुटली. मग मोठी माणसं. तोंडावर रुमाल धरून समितीसुद्धा. सर मागे वळले, मुलांमधून वाट काढत चार पावलं आले आणि त्यांनी भिंत पाहिली. क्षणभरच. तेवढ्यात त्यांना कळलं. असं ताणलं जाणं कशाने होतं हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. त्यांनी मान वर करून शेवटच्या रांगेत पाहिलं, आणि चित्रताईने नजर हलवली नाही.

ओरडायला त्यांनी तोंड उघडलं होतं. 'माझ्या रेघा कुणी बदलल्या' म्हणायला. पण रेघा होत्याच कुठे? कोरी भिंत त्यांनीच सगळ्यांना दाखवली होती. त्यांनी तोंड मिटलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे असं मुद्दाम असतं. मागून पाहिलेला घोडा असा दिसतो. ह्याला दृष्टिकोन म्हणतात."

काही लोकांनी माना डोलावल्या. ग्रंथपालबाईंनी तर टाळ्याही सुरू केल्या. सर इतक्या सहज सुटताहेत हे चित्रताईला चालणार नव्हतं. ती उठली.

"सर," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मुलांना समजलं नसेल. तिथे फळ्यावर एक छोटासा साधा घोडा काढून दाखवा ना. वर्गात एका रेघेत काढायचात तसा. मुक्तहस्त."

"हो सर, हो सर!" मुलांनी गलका केला.

सरांनी खडू घेतला. रेघ निघाली आणि लगेच थरथरली. त्यांनी पुसली. पुन्हा काढली. ह्या वेळी ती मानेपाशी भरकटून खाली घसरली. तिसऱ्या वेळी खडूच मोडला. आता कुणीच हसत नव्हतं. "चष्मा विसरलो," असं पुटपुटत सर दाराकडे गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

सासूबाई म्हणाल्या, "चल. आज मला झोप लागेल."

दोन दिवसांनी संध्याकाळी सर चित्रताईच्या दारात उभे राहिले. तिने त्यांना आत घेतलं, बसा म्हणाली नाही.

"स्टूल कुठे ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"डाव्या कोपऱ्यात."

"वाटलंच." त्यांनी उजवा हात पुढे धरला. "चार वर्षं झाली हात हलतोय. औषधं चालू आहेत. ब्रश जाड असला आणि खाली रेघ असली की निभतं. नुसता सोडला की असा नाचतो."

"मग तुम्ही मला का बुडवलंत? मी तर तेच करत होते."

"तू उघडपणे करत होतीस. हसत हसत. लोक येऊन बघत होते, आणि मी घरात चादरीखाली लपवत होतो. तुझे मासे बघितले त्या दिवशी. मशीन असूनही जिवंत होते. माझे घोडे मेलेले होते, आणि ते फक्त मला कळत होतं. वाटलं, उद्या तुलाही कळेल."

हे ऐकून आपलं मन विरघळेल अशी चित्रताईला भीती होती. तसं काही झालं नाही. उलट ते सगळं ऐकून तिचा राग जागच्या जागी अधिक घट्ट बसला. म्हणजे ह्यांना माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

"हेच समितीसमोर बोला," ती म्हणाली.

"एवढं नको मागूस. म्हातारा आहे मी."

"दुसरं काहीच मागत नाहीये."

"मी लिहून देतो हवं तर. तू नेऊन दे."

"लिहा, आणि तुम्हीच वाचा. मला झेरॉक्स म्हणालात, तेव्हा चिठ्ठी नव्हती पाठवली."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "आणि मोठ्याने वाच म्हणावं. मला कमी ऐकू येतं, मी येणार आहे."

सरांनी तिथेच उभ्याने लिहिलं. अक्षर इकडून तिकडे जात होतं. कागद धरायला तिने हात पुढे केला नाही.

बैठकीत त्यांनी वाचलं. पाच ओळी होत्या. आपण प्रोजेक्टर वापरतो, हॉलमधले नऊही घोडे त्यानेच काढले, हिच्याविषयी जे बोललो ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे बोलतानाच माहीत होतं. मध्ये दोनदा ते थांबले. चित्रताई समोरच बसली होती आणि दोन्ही वेळा तिने वाट पाहिली. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ या. चित्रताई म्हणाली, "तुम्ही तेव्हा हसला होतात, म्हणून तुम्हाला विसरणं सोपं आहे." ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलं. ते त्यांनी स्वतःहून म्हटलं. चित्रताईने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. तेवढं ती देऊ शकत होती.

मुलांच्या खोलीची भिंत तिला मिळाली. सरांच्या घोड्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारावे लागले, मागच्या भागावर तीन. तिने बंद दाराआड काम केलं नाही. पडदे ओढून, प्रोजेक्टर मधोमध ठेवून ती गिरवायची आणि मुलं सतरंजीवर बसून बघायची. कुणाला हवं त्याने येऊन प्रोजेक्टरसमोर हात धरायचा आणि भिंतीवर आपली बोटं केवढी होतात ते बघायचं. दुपारचा क्लास पुन्हा भरला, पूर्वीपेक्षा दाटीवाटीने. झेरॉक्सबाई हे नाव मात्र गेलं नाही. आता लोक ते प्रेमाने म्हणतात. तिला ते तरीही आवडत नाही, आणि म्हणणाऱ्याला ती तसं सांगते.

भिंत निम्मी झाली होती तेव्हा एका सकाळी तिला खिडकीबाहेर सर दिसले. त्यांची घोडे काढायची कामं बंद झाली होती, शिकवणीही. हात पाठीमागे बांधून ते काचेतून आत, भिंतीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. एका मुलीने विचारलं, "ताई, त्यांना आत बोलावू का?"

"नको," चित्रताई म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन तिने पडदा ओढून घेतला.